फॅमिली एसयूव्हीचं कूलंट: काम काय, तपासायचं कसं, बदलायचं कसं

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हटलं की बहुतेक जण बोनेट उघडून त्या पांढुरक्या प्लॅस्टिकच्या टाकीकडे बघतात, कमी दिसलं तर वरून थोडं पाणी ओततात आणि विषय संपला. मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय की ही सिस्टीम बंद असते, पेट्रोल-डिझेलसारखं कूलंट जळून संपत नाही, त्यामुळे लेव्हल सारखी खाली जात असेल तर ते कुठेतरी बाहेर पडतंय किंवा इंजिनच्या आत शिरतंय, आणि ती जागा शोधणं हे टॉप-अपपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

आत नेमकं काय चालतं

इंधन पेटतं त्या क्षणी सिलिंडरमधल्या गॅसचं तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जातं, आणि आजकालच्या जवळजवळ सगळ्या इंजिनांचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, जे ६६० अंशांच्या आतच वितळतं. म्हणजे उष्णता सतत काढून घेतली नाही तर इंजिन टिकणारच नाही. इंधनातून जेवढी ऊर्जा निघते त्यातला साधारण एक तृतीयांश भाग कूलंटला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावा लागतो, बाकीची काही चाकांना मिळते आणि काही सायलेन्सरमधून बाहेर जाते.

रस्ता असा असतो: वॉटर पंप कूलंट ढकलतो, ते ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) आणि हेडच्या आतल्या पोकळ्यांमधून फिरतं, गरम होऊन रेडिएटरमध्ये येतं, तिथे हवेने थंड होतं आणि परत पंपाकडे. मधे थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह बसलेला असतो, त्याच्या आत मेण असतं, इंजिन थंड असताना तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो आणि साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान, गाडीप्रमाणे, उघडायला लागतो. कारण इंजिन फार थंड चालणंही वाईटच, इंधन जास्त लागतं आणि ऑइलमध्ये ओलावा साठतो. म्हणून गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा हा जो सल्ला ऐकू येतो तो अजिबात ऐकू नका. बिघडला असेल तर नवीन बसवा, महागडा पार्ट नसतो तो.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखंच आहे. ते सिस्टीममध्ये साधारण १ बारच्या आसपास जास्तीचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे एरवी १०० अंशांना उकळणारं साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि अर्धं कूलंट-अर्धं पाणी हे मिश्रण तर १२५ च्याही पुढे टिकतं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब राहत नाही आणि चढणीवर गाडी उकळते, लोक मात्र रेडिएटर बदलत बसतात. आधी झाकण बघा.

एसयूव्हीच्या बाबतीत हे सगळं जास्त ताणलं जातं. गाडीचं वजन मुळात जास्त, त्यात सात माणसं, मागे सामान, कधी छतावर कॅरियर, एसी फुल, आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढताना समोरून वारा कमी येतो पण इंजिनवर लोड मात्र पूर्ण. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. टर्बो डिझेल असेल तर ऑइल कूलर, ईजीआर कूलर (जळलेला काही गॅस इंजिनात परत सोडण्याआधी थंड करणारा) हेही बऱ्याचदा याच कूलंटवर चालतात. छोट्या हॅचबॅकला जे खपून जातं ते इथे खपत नाही.

बाटलीत काय असतं

मुख्य द्रव बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल, काही कूलंटमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, त्यात पाणी आणि थोड्या प्रमाणात ॲडिटिव्ह. हे ॲडिटिव्ह बाटलीतला सगळ्यात छोटा भाग पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण इंजिनमध्ये ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, सोल्डर, रबर, प्लॅस्टिक सगळं एकाच द्रवात बुडालेलं असतं आणि त्यातल्या धातूंना गंजण्यापासून तेच वाचवतात. पंपाजवळ आणि डिझेल इंजिनच्या लायनरपाशी (सिलिंडरच्या आतल्या नळीपाशी) बारीक बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात, तेही तेच कमी करतात. ग्लायकॉल वर्षानुवर्षं राहतं, संपतात ते ॲडिटिव्ह, म्हणून "रंग अजून छान आहे, कशाला बदलायचं" हा हिशोब चुकीचा आहे.

प्रमाणाबद्दल एक गोष्ट जरा नीट समजून घ्या. ५०:५० मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आता वाटतं की नुसतं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, भरलं तर अजून चांगलं, पण शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, आणि उष्णता उचलून न्यायची त्याची ताकद पाण्याच्या जवळपास निम्मी. खरी उष्णता पाणीच वाहून नेतं! म्हणून ६० टक्क्यांच्या वर कॉन्सन्ट्रेट जाऊ देऊ नका. आणि तुमच्याकडे बर्फ पडत नसला तरी ५० च्या फार खाली येऊ नका, कारण पातळ केलं की गंज रोखणारे ॲडिटिव्हही तेवढेच पातळ होतात आणि उकळबिंदूही उतरतो.

पाणी कोणतं, तर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड. नळाच्या, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात ते गरम पृष्ठभागावर थर धरतात, आणि तो थर नेमका हेडच्या सगळ्यात तापलेल्या जागी बसतो. क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं ते वेगळंच. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात पण शून्य नसतात. एसीतून ठिबकणारं पाणी गोळा करून वापरणारेही आहेत, ते डिस्टिल्डसारखं दिसतं खरं पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं, टाळा. ही कटकट नको असेल तर सरळ रेडी-टू-यूज म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं कूलंट घ्या, फक्त घेताना लेबल नीट वाचा, कारण कॉन्सन्ट्रेट आणि रेडीमिक्सच्या बाटल्या सारख्याच दिसतात आणि रेडीमिक्समध्ये परत पाणी घातलं की सगळं पातळ.

रंगावर जाऊ नका

हिरवं, लाल, गुलाबी, निळं, पिवळं. हा फक्त डाय आहे आणि कोणत्या रंगाला कोणतं केमिकल असा सगळ्या कंपन्यांना लागू नियम नाही. एकाच रंगाची दोन कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात.

आतला फरक ॲडिटिव्हचा. जुन्या पद्धतीचं आयएटी, म्हणजे सिलिकेट-फॉस्फेट वगैरेवर चालणारं, साधारण २ वर्षं टिकतं. ओएटी म्हणजे ऑरगॅनिक ॲसिडवालं, ते सर्वसाधारणपणे ५ वर्षांच्या आसपास. आणि दोन्हीचं मिश्रण असलेलं हायब्रिड प्रकारचं, एचओएटी, त्यातही युरोपियन गाड्यांचा कल सिलिकेटकडे आणि जपानी-कोरियन गाड्यांचा फॉस्फेटकडे. वेगवेगळे प्रकार एकत्र झाले की लगेच इंजिन बंद पडत नाही, पण ॲडिटिव्ह एकमेकांना मारतात, आयुष्य कमी होतं आणि काही वेळा चिकट गाळ तयार होऊन रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात.

म्हणून ओनर्स मॅन्युअल काढा, त्यात कूलंटचं स्पेसिफिकेशन लिहिलेलं असतं, आणि बाटलीच्या मागच्या बाजूला तेच स्पेसिफिकेशन शोधा. एएसटीएम डी ३३०६ किंवा जेआयएस के २२३४ असे सर्वसाधारण स्टँडर्ड छापलेले असले तर चांगलंच, पण गाडीच्या कंपनीने सांगितलेला नंबर जुळणं जास्त महत्त्वाचं. "सगळ्या गाड्यांना चालतं" एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलेली बाटली मी घेत नाही. बदलायचं अंतरही मॅन्युअलमधूनच घ्या, काही गाड्यांत कारखान्यातून भरलेलं पहिलं कूलंट बरंच जास्त चालतं आणि त्यानंतरचं अंतर कमी असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. किलोमीटर आणि वर्षं यातलं जे आधी होईल ते धरा.

महिन्यातून एकदा पाच मिनिटं

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागेवर. टाकीवर मिन आणि मॅक्सच्या खुणा असतात, लेव्हल त्यांच्या मधे हवी. गरम इंजिनवर लेव्हल वर दिसते, म्हणून दर वेळी थंडच बघा म्हणजे तुलना करता येते. टाकी पिवळी पडून आतलं दिसत नसेल तर मागून मोबाइलचा टॉर्च लावा, लेव्हलची रेघ स्पष्ट दिसते. मार्करने तारखेसह छोटी खूण केली तर पुढच्या महिन्यात अंदाज लावत बसावं लागत नाही.

मग रंग आणि पोत. तांबूस-विटकरी झालंय म्हणजे आत गंज सुरू आहे. वर तेलाचा तवंग किंवा कॉफीत दूध घातल्यासारखा फेसाळ थर म्हणजे ऑइल मिसळतंय: ऑइल कूलर, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) किंवा ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरच्या आतला गिअरऑइलचा कूलर, यापैकी काहीतरी. अशा वेळी गाडी चालवू नका, टो करून न्या.

होज पाइप थंड असताना दाबून बघा, खूप मऊ, फुगलेला किंवा दाबल्यावर करकर वाजणारा पाइप बदलायला झालाय. क्लॅम्पच्या सांध्यांवर नजर टाका, कूलंट झिरपून सुकलं की तिथे पांढरट किंवा त्याच रंगाची खरखरीत पूड जमते, थेंब जमिनीवर पडलेला कधी दिसणारही नाही कारण गरम इंजिनवर तो लगेच वाळतो. ही पूड मात्र लीकची नेमकी जागा दाखवते. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून ओघळ दिसतो. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्यावा, मजुरी एकदाच लागते.

एसी चालू करून रेडिएटरचा फॅन फिरतोय का बघा. फॅनजवळ बोटं, ओढणी, टाय, काही नेऊ नका, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो. पुढच्या जाळीतून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे चिखल, पानं, किडे साठतात, ते साध्या नळीच्या कमी दाबाच्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारला की बारीक पत्र्या वाकतात आणि हवा अडते.

वर्षातून एकदा प्रमाणही तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं, डोळ्याला लावून बघायचं उपकरण) असेल तर थंड कूलंटचे दोन थेंब काचेवर टाकायचे, झाकण टेकवायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळ्या आणि पांढऱ्या भागाची सीमा ज्या आकड्यावर येते तो गोठणबिंदू. एथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, आपली बघा. पण हे फक्त ग्लायकॉल किती आहे ते सांगतं, ॲडिटिव्ह किती उरलेत ते नाही. त्यासाठी टेस्ट स्ट्रिप मिळतात, त्याही आपल्या कूलंटच्या प्रकाराला चालणाऱ्या घ्या.

लेव्हल उतरतेय पण लीक दिसत नाही

हीच सगळ्यात त्रासदायक अवस्था. गाडीत बसल्यावर गोडसर वास येतो, काचेवर आतून चिकट धुकं धरतं, समोरच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागतं, तर हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, सकाळी स्टार्ट करताना एखादा सिलिंडर मिस होणं, टाकीत सतत बुडबुडे, पाइप थोड्याच वेळात दगडासारखे कडक, तर हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलरचा संशय.

गॅरेजमध्ये दोन टेस्ट करायला सांगा. एक, प्रेशर टेस्ट: थंड सिस्टीमला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब देऊन ठेवतात, काटा उतरला की गळती आहे. दुसरी, ब्लॉक टेस्ट: टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळलेला गॅस असेल तर द्रव पिवळा होतो. या दोन टेस्ट न करता कोणी थेट हेड उघडायला सांगत असेल तर थांबा. आणि लीक बंद करणारं लिक्विड टाकू नका, ते भोक बुजवतं तसं हीटरच्या नळ्याही बुजवतं.

बदलायचं असेल तर

आधी स्पष्ट सांगतो, काही गाड्यांना व्हॅक्यूमने भरावं लागतं किंवा इलेक्ट्रिक पंप स्कॅनरने चालवून हवा काढावी लागते, आणि हायब्रिड-इलेक्ट्रिकमध्ये इन्व्हर्टर-बॅटरीसाठी वेगळी सर्किटं, काही वेळा वेगळंच कूलंट असतं. तिथे घरी हात घालू नका. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीसाठी पुढची पद्धत.

इंजिन पूर्ण थंड, म्हणजे कित्येक तास उभी असलेली गाडी. हातमोजे आणि चष्मा घाला. हीटरची नॉब फुल गरमवर ठेवा. खाली मोठं घमेलं सरकवा, आधी झाकण उघडा आणि मग रेडिएटरचा खालचा ड्रेन प्लग हळू सोडवा, प्लॅस्टिकचा असतो, जोर लावला की मोडतो. प्लग नसेल तर खालच्या होजचा क्लॅम्प काढावा लागतो, तेव्हा एकदम भसकन येतं, तयारी ठेवा. निघालेलं कूलंट मोजून ठेवा.

जुनं स्वच्छ असेल आणि त्याच प्रकारचं परत भरायचं असेल तर एवढं पुरे. गढूळ असेल किंवा प्रकार बदलायचा असेल तर डिस्टिल्ड पाणी भरून, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, पुन्हा पूर्ण थंड करून काढायचं, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. यालाच फ्लश म्हणतात.

इथे एक गणित चुकतं. ड्रेन केल्यावर सगळं पाणी निघत नाही, ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच राहतं. समजा मॅन्युअलप्रमाणे सिस्टीम ९ लिटरची आहे आणि फ्लशनंतर ६ लिटरच बाहेर आलं, म्हणजे आत ३ लिटर साधं पाणी आहे. आता ६ लिटर रेडीमिक्स भरलं तर त्यात ग्लायकॉलवालं कॉन्सन्ट्रेट फक्त ३ लिटर, म्हणजे एकूण ३३ टक्केच. बरोबर पद्धत ही की फ्लश केलं असेल तर कॉन्सन्ट्रेट घ्यायचं, एकूण क्षमतेच्या निम्मं म्हणजे ४.५ लिटर आधी ओतायचं आणि उरलेलं दीड लिटर डिस्टिल्ड पाण्याने भरायचं. फ्लश केलं नसेल तर रेडीमिक्स चालेल.

नरसाळ्याने हळूहळू ओता, घाई केली की हवा अडकते. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवा, सलग धार आली की बंद. मग इंजिन सुरू, एसी बंद, हीटर गरमवर, आयडलिंगला राहू द्या. झाकण या वेळी उघडं की बंद हे गाडीप्रमाणे बदलतं, मॅन्युअल सांगेल तसं. लेव्हल उतरेल तसं भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचा दुसरा होजही गरम होतो, हीटरमधून सलग गरम हवा येते आणि फॅन एकदा सुरू होऊन बंद होतो, ही तिन्ही लक्षणं दिसली की हवा बहुतेक निघाली. हीटर मधेच थंड वारा देत असेल तर अजून हवा आहे. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी मिन-मॅक्सच्या मधे आणा. पहिल्या काही दिवसांत किंचित उतरेल, ते ठीक, पण उतरतच राहिलं तर कुठला तरी सांधा नीट बसला नाही.

जुनं कूलंट गटारात किंवा बागेत ओतू नका, उघड्या घमेल्यात तर मिनिटभरही सोडून जाऊ नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते आवडीने चाटतात, लहान मूलही पिऊ शकतं, आणि थोड्या प्रमाणातही ते किडनी निकामी करून जीव घेऊ शकतं. कोणी प्यायलं असा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, लेबल लावून, ते घेणाऱ्या गॅरेजला किंवा धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्राला द्या.

रस्त्यात तापमानाचा काटा वर गेला तर

एसी लगेच बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. उकाड्यात नको वाटेल पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. लाल दिवा लागला असेल, वाफ किंवा गळती दिसत असेल तर इंजिन बंद करा. काटा खूप वर होता आणि अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका, कूलंट इतकं कमी झालं असेल की सेन्सर द्रवात बुडालेलाच नाही. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर दिसेल असा बनवलेला असतो, म्हणजे तो हलला तोपर्यंत उशीरच झालेला असतो.

वाफ येत असताना बोनेट उघडायची घाई नको. झाकणाला तर कमीत कमी पाऊण तास हात लावू नका, दाबाखालचं १०० अंशांच्या वरचं पाणी झाकण सुटताक्षणी उकळून अंगावर येतं आणि चेहरा, हात भाजतात. वरचा होज हाताला कोमट आणि मऊ लागला की जाड फडका ठेवून झाकण थोडंसं फिरवा, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा, मगच काढा. गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका, ब्लॉक किंवा हेड तडकू शकतं. थंड झाल्यावर कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणी, तेही नसेल तर जे स्वच्छ पाणी मिळेल ते भरा आणि काट्यावर लक्ष ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंतच जा. भरलेलं लगेच खाली ओघळत असेल तर तेवढंही नको, टो बोलवा. आणि त्या दिवशी साधं पाणी घालावं लागलं असेल तर लीक दुरुस्त करताना सिस्टीम पूर्ण फ्लश करून नवीन कूलंट भरून घ्या, मेकॅनिकला हे आपणहून सांगा, कारण टाकीत बघून त्याला ते कळणार नाही.